नीलाबाईंचं मुरवण आणि छबुमावशीची जीभ

माझ्या सासूबाईंनी, नीलाबाईंनी, जन्मात मटण खाल्लेलं नाही. मटण राहू द्या, अंडं घातलेला केकसुद्धा लोकांच्या घरी त्या "आज उपास हाय" म्हणून परत करतात, मग वार कोणताही असो. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सोमवारी एकवेळ जेवण. आणि नेकनूरच्या आजूबाजूच्या गावांत बोकड कापला की मटण मुरवायला मसाला कुणाचा लागतो, तर ह्याच बाईचा. हे मला लग्नाआधी कुणीही सांगितलं नव्हतं आणि त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मी सासूबाईंबरोबर दुकानात बसले होते. आमचं किराणा दुकान आहे, पुढे गल्ला आणि मागे पडवी. एक मिशाळ गृहस्थ आले आणि माझ्या सासूला म्हणाले, काकू, दीड वर्षाचा बोकड हाय, मांडीचं मटण हाय, पाहुणे दोन वाजता. सासूबाईंनी विचारलं, पाहुणे कुठले? ते म्हणाले, केजचे. सासूबाईंनी क्षणभर वर छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, केजचे पाहुणे दोन म्हणले की साडेतीनला येत्यात, तुमी साडेबाराच्या आत लावू नका, लगदा होईल. मग मागे जाऊन चिनी मातीच्या बरणीतून डबाभर लालकाळा ओला मसाला आणून दिला. मी लातूरकडची, कडक घरातली. मला वाटलं, आपल्या आईबापांनी चौकशी नीट केलेली दिसत नाही.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आता आत्याच म्हणते. तर ह्या आत्यांच्या मसाल्याला मुरवण म्हणतात. मटण भाजायच्या आधी ते चोळून ठेवायचं. आलं, लसूण, चिंचेचा कोळ, करडईचं तेल, भाजलेले धने, दगडफूल, मीठ, तिखट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेंदाडाची पूड. शेंदाड म्हणजे बाजरीच्या रानात आपोआप उगवणारं लिंबाएवढं फळ, कच्चं असताना कडूजहर. आत्या भाद्रपदात पोरींना सांगून पोतंभर गोळा करतात, काप करून पत्र्यावर वाळवतात आणि कुटून ठेवतात. जून बोकडाचं चामड्यासारखं मटणही ही पूड मऊ करते. पण तिला वेळ कळत नाही. तास जास्त झाला की मटणाचा शिरा होतो. म्हणून आत्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतात. जनावर केवढं, भाग कोणता आणि पाहुणे कुठले. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. लिंबागणेशचे पाहुणे वेळेवर येतात. पुढारी येणार असेल तर आत्या पूड वेगळ्या पुडीत बांधून देतात आणि सांगतात, गाडी फाट्यावर दिसली की मगच टाका.

आत्यांच्या सासऱ्यांच्या काळात बीडचा एक म्हातारा बावर्ची आमच्या दुकानातून मसाले न्यायचा. लग्नाच्या मोठ्या पंगतींना तो पसंदे करायचा, म्हणजे मांडीच्या मटणाचे पातळ रुंद काप, मुरवून तव्यावर भाजलेले. त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा तो आत्यांकडून वाटून घेऊ लागला, आणि असं करता करता सगळं शिकवून गेला. वाटायचा पाटा मात्र पडवीतच राहिला. बरणीही पडवीत. त्या मसाल्याचा चमचासुद्धा कधी उंबरा ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात आला नाही.

आता तुम्ही विचाराल, जी बाई खात नाही, तिला कसं कळतं बरोबर झालंय का. मीही विचारलं होतं. आत्या म्हणाल्या, छबी हाय की.

छबुबाई म्हणजे धोंडीरामकाकांची बायको. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर, गावाला लागून पंधरा एकर रान. आत्यांच्या बरोबरीच्या, दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली. मी त्यांना छबुमावशी म्हणते. मटणाची एवढी दर्दी बाई मी पाहिली नाही. नवीन घाणा, म्हणजे एका वेळचं वाटण, निघाला की आत्या वाटीभर मुरवण छबुमावशीकडे पाठवायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी दुकानात यायच्या, साबणाच्या खोक्यावर बसायच्या आणि सांगायच्या. आलं जुनं वापरलंस. दगडफूल करपलंय, मागच्या बाजूनं कडवट लागतं. चिंच नवी हाय, आंबट नुसतं पुढं पळतंय, जुनी घाल. आत्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मान हलवायच्या. आपण टीव्हीवर बातम्या ऐकतो ना, त्याच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन. कधी कधी मावशी नुसतंच म्हणायच्या, "हां." तेवढं ऐकलं की आत्या उठून चहा टाकायच्या आणि दिवसभर खूश असायच्या.

तीस वर्षं असं चाललं होतं. छबुमावशीनं एकदाही तोंडदेखलं छान म्हटलं नाही. आत्यांचं सगळं नाव त्या एका जिभेवर उभं होतं आणि हे आत्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या.

मागच्या वर्षी आत्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस बीडच्या दवाखान्यात. पाचव्या दिवशी ताप चढला आणि उतरेना. डॉक्टर आमच्या ह्यांना, म्हणजे सिद्धेश्वरला, बाजूला घेऊन बोलले आणि हे येऊन जिन्यात बसून राहिले. छबुमावशी तेव्हा रोज एसटीनं येत होत्या. त्या दिवशी दुपारी त्या कुठे तरी गायब झाल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा पाय धुळीनं भरलेले. नारायणगडाच्या देवाला पायी जाऊन आले म्हणाल्या. मला कोपऱ्यात ओढून नेलं आणि सांगितलं, नीली घरी आली तर माळ घालीन असं बोलून आलेय. माळ घालायची म्हणजे मटण-मासळी कायमचं बंद. मी म्हणाले, मावशी, तुम्ही? त्या म्हणाल्या, दुसरं काय हाय माझ्याकडं सोडण्यासारखं. मग माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली, हे नीलीला कधी कळू द्यायचं नाही.

आत्या घरी आल्या. महिन्याभरात छबुमावशीच्या गळ्यात तुळशीची माळ आली.

शपथ घालून घेणं सोपं असतं, ती सांभाळणाऱ्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही. आत्यांना कळेचना की ही बाई अशी अचानक देवाला का लागली. विचारलं तर मावशी म्हणायच्या, वय झालं आता. आत्या म्हणायच्या, वय माझं बी झालं, म्या काय दुकान सोडलं का? आत्यांनी मनात बारीक राग धरला. आपण दवाखान्यातून उठून आलो, परत पाट्यावर बसलो, आणि नेमकी तेव्हाच हिनं पाठ फिरवली, असं त्यांना वाटायचं. मी समोर बसून हे सगळं ऐकायची आणि लसूण सोलायची. माझा स्वभाव मुळात असा गप्प बसायचा नाही. त्या काही महिन्यांत मी किती लसूण सोलला त्याला गणती नाही.

मग दुसऱ्या जिभा शोधणं सुरू झालं. पहिली आमच्या हक्काची, धोंडीरामकाकांची. मावशींच्या घरात मटण शिजणं बंद झालं होतं, म्हणून काका रानातल्या चुलीवर शिजवायचे आणि येताना दुकानावर थांबून सांगायचे, "लई भारी झालतं, अक्का." दर वेळी हेच. आलं कमी घातलं तरी भारी, तिखट दुप्पट झालं तरी भारी. एकदा आत्यांनी मुद्दाम मीठ घातलंच नाही, तरी काका म्हणाले, भारी. गावातल्या तालमीतल्या चार जणांना बोलावून बघितलं. त्यांनी दोन किलो मटण संपवलं आणि विचारलं, पुन्हा कधी यायचं. चंद्रभागाबाई म्हणून एक शिक्षिका आहेत, त्यांनी दोन पानी अभिप्राय लिहून दिला. त्यात मसाल्याचं एक वाक्य होतं आणि ते चांगलं होतं.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका घाण्यात शेंदाडाची पूड जास्त पडली. काकांनी भारी म्हटल्यामुळे आत्यांना कळलं नाही, आणि लिंबागणेशच्या एका घरी बारशाच्या दिवशी पसंद्यांऐवजी खिमा निघाला. लोक भले होते, हसण्यावारी नेलं. पण आत्या स्वतः एसटीनं जाऊन त्या बाईची माफी मागून आल्या, आणि आल्यावर पडवीत बरणीसमोर बराच वेळ बसल्या.

अशात आला अभिमन्यू. धोंडीरामकाकांच्या भावकीतला, सहा वर्षं पुण्यात मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काढून परत आलेला. मांजरसुंब्याच्या रस्त्यावर त्यानं हॉटेल बांधलं होतं आणि त्याला तिथे स्टेक ठेवायचं होतं. स्टेक म्हणजे काय, असं आत्यांनी विचारल्यावर त्यानं दोन बोटांमध्ये इंचभर अंतर दाखवलं. बोकडाच्या मांडीचा एवढा जाड काप, रात्रभर मुरवायचा, तापल्या तव्यावर टाकायचा, बाहेरून खरपूस आणि आतून रसाळ. बाजारातल्या बाटल्या नको, घरचं मुरवण पाहिजे, आणि ते तुमचंच पाहिजे. वीस दिवसांनी उद्घाटन होतं. छबुमावशीच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे, पसंदाच की तो, आळशी माणसानं कापलेला.

आत्या हो म्हणाल्या, आणि लगेच हेही म्हणाल्या की मला जर खात्री देता आली नाही तर ही बरणी मी कायमची पालथी घालीन; जे मला सांगता येत न्हाई ते मी लोकांच्या ताटात घालणार न्हाई. आमचे हे म्हणाले, आई, एवढं कशाला ताणायचं. आत्यांनी ह्यांच्याकडे असं बघितलं की हे गल्ल्यावर जाऊन सुट्टे पैसे लावू लागले.

पहिला काप बाहेरून लगदा आणि आतून चप्पल. दुसऱ्या वेळी पूड कमी केली तर सगळाच चप्पल. हे आम्हाला नुसतं सुरी लावून कळत होतं, पुढचं कळायला जीभ हवी होती. अभिमन्यूची जीभ शिकलेली होती, पण तो पुण्याचे शब्द वापरायचा. टेक्श्चर जरा ऑफ आहे, म्हणायचा. आत्या माझ्याकडे बघायच्या, मी आत्यांकडे. मीठ कमी का जास्त, एवढं सांग, असं मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, मीठ बॅलन्स होत नाहीये. मी आत जाऊन पाणी प्यायले.

उद्घाटनाला बारा दिवस राहिले तेव्हा आत्या मला घेऊन छबुमावशीकडे गेल्या. हातात डबा, त्यात अभिमन्यूनं भाजून दिलेला तुकडा. मी रस्ताभर म्हणत होते, आत्या, नको. मावशी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. आत्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, एकच घास घे, गिळू नकोस, थुंकून टाक, फक्त सांग. मावशी म्हणाल्या, न्हाई जमायचं नीले. आत्यांनी पुन्हा सांगून बघितलं. मावशी तूर निवडत राहिल्या. मग आत्या बोलू नये ते बोलल्या.

"तासभर काढून ठेव माळ. कोण बघायलंय?"

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. आवाज चढवला नाही.

"तू काढून ठेवतीस का तुझ्या गळ्यातलं? तासभर?"

आत्यांचा हात आपोआप लिंगाकडे गेला. आम्ही डबा घेऊन परत आलो. डबा खरं तर मीच घेतला, आत्यांना तो दिसतसुद्धा नव्हता.

आठ दिवस दोघी बोलल्या नाहीत. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. छबुमावशी वाणसामानाला दुसऱ्या दुकानात गेल्या, हे मला दळणाच्या गिरणीत कळलं, आणि मला खरंच रडू आलं. आत्या पाट्यावर बसायच्या, वाटायच्या, टाकून द्यायच्या. नवव्या दिवशी वाटता वाटता त्या म्हणाल्या, मी मरायला टेकले होते तेव्हा हिला देव आठवला न्हाई, मी उठून बसले तर आठवला.

आणि माझं डोकं फिरलं. मी लसणाचं ताट खाली आपटलं.

"आत्या, तुमच्यासाठीच आठवला देव. तुम्ही घरी याव्यात म्हणून घातली त्यांनी माळ."

वरवंटा थांबला. मग मी सगळं सांगितलं, दवाखान्याचं, धुळीच्या पायांचं, शपथेचं. आत्यांनी विचारलं, तिनं शपथ घातलती ना तुला? मी म्हणाले, घातली होती. मग मोडलीस? मी म्हणाले, मोडली, आणि आधीच मोडायला हवी होती. आत्यांनी वरवंटा बाजूला ठेवला. हात धुतले, पदरानं डोळे पुसले, पुढे दुकानात गेल्या आणि ह्यांना म्हणाल्या, अभिमन्यूला फोन लाव. सांग, त्याचं बी काम बंद आणि बाकीचं बी बंद. जिच्या जिभेवर मी उभी राहिले ती जीभ माझ्यापायी गेली. आता म्या बरणी भरायची म्हंजे काय.

म्हणजे मी बोलून सगळं सुधारायच्या ऐवजी पुरतं बुडवलं होतं. आमच्या ह्यांनी मला तसं एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची वेळ मी येऊ दिली नाही.

अभिमन्यूनं काकांना फोन केला, काकांनी घरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना छबुमावशी तरातरा आल्या. आधी माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुझं पोटात काही राहत न्हाई, तुला मागून बघते. मग आत्यांकडे वळल्या.

"म्या जीभ सोडली ती तू जगावीस, पाट्यावर बसावीस म्हणून. तू बी पाट्यावरून उठलीस, तर माझी फुकटच गेली की."

आत्या म्हणाल्या, "मला कावून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी बरणी पालथी घातली असतीस. आता बी तेच करायलीस."

आत्या गल्ल्यामागून बाहेर आल्या. म्हणाल्या, त्या दिवशी मी लई वंगाळ बोलले, माळ काढ म्हणाले. मावशी म्हणाल्या, बोललीस खरी, म्या बी तुझ्या लिंगावर गेले, फिटलं. गिऱ्हाइकाला साखर पाहिजे होती, ते बिचारं पिशवी धरून दोघींकडे बघत होतं. मी त्याला अर्धा किलो जास्तच दिली असणार, मला समोरचं काही धड दिसत नव्हतं.

मग मावशींनी तोडगा सांगितला. घास मी घेणार न्हाई. पण घास घेणाऱ्याच्या समोर बसायला कुठं बंदी हाय?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे काकांच्या रानात जमलो. अभिमन्यू तवा आणि आदल्या रात्री मुरवायला घातलेले मांडीचे काप घेऊन आला. आत्यांनी त्यासाठी तीन प्रकारचं मुरवण करून दिलं होतं, चिंच, मीठ आणि पूड वेगवेगळ्या मापानं, वेगवेगळ्या वेळी लावायची. धोंडीरामकाकांना पिंपळाखाली सतरंजीवर बसवलं. त्यांच्या समोर दोन हातांवर छबुमावशी. आत्या आणि मी मावशींच्या मागे. पाहुण्याला असं बसवत नाहीत, नवरदेवाला बसवतात.

काकांनी पहिला तुकडा तोंडात टाकला, चावला आणि म्हणाले, लई भारी.

"न्हाई जमलं," मावशी म्हणाल्या.

काका म्हणाले, अगं मी भारी म्हणालो. मावशी आमच्याकडे वळून सांगू लागल्या, जणू काका तिथे नाहीतच. ह्यांना नाव ठेवायला जमत न्हाई. जमलं नसलं की समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून भारी म्हणत्यात. जमलं की बोलायचं भानच राहत न्हाई. माझ्या लग्नानंतर पहिल्या वर्षी रोज भारी म्हणायचे, मला वाटलं, मी किती सुगरण.

आत्यांनी कपाळाला हात लावला. वर्षभराचे सगळे 'भारी' एका क्षणात उलटे झाले. मी हसता हसता सतरंजीवर लोळायची बाकी राहिले. काका मात्र मनापासून चकित झाले होते. छत्तीस वर्षांत हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

मग मावशींनी काकांचं तोंड नीट वाचायला घेतलं. घास उजव्या दाढेखाली सरकवला, म्हंजे चिवट हाय, डावीकडच्या दोन पडल्यात त्यांच्या. तांब्याकडं बघितलं पण उचलला न्हाई, म्हंजे तिखट बरोबर हाय, मीठ चढलंय. दुसऱ्या मुरवणाचा तुकडा काकांनी नुसता जिभेनं दाबला आणि ओठ पुसले. हा आतून बरा, पण वरून विरघळायलाय, पूड लई वेळ बसली. आत्या ऐकत होत्या, डोळे मिटून, पूर्वीसारख्या. मग त्या म्हणाल्या, म्हंजे मीठ आणि चिंच रात्रभर, आणि शेंदाड शेवटच्या तासाला. जाड कापात मीठ आत जायला वेळ लागतो, पूड वरच्या वर काम करती.

तिसऱ्या कापाला मीठ-चिंच रात्रभर लागलेलं होतं, पूड अजून लावलेलीच नव्हती. ती आत्यांनी तिथेच लावायला दिली आणि आम्ही तासभर पिंपळाखाली शेंगा खात बसलो. मग अभिमन्यूनं काप तव्यावर टाकला. काकांनी घास घेतला. चावला. दुसरा घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. काकांनी तिसरा घेतला, मांडी बदलली आणि ताट स्वतःकडे ओढलं. अभिमन्यूनं विचारलं, काका, कसं झालंय? काकांनी उत्तर दिलं नाही.

छबुमावशी म्हणाल्या, "हां."

हॉटेल सुरू झालं, चाललंय. पाटीवर अभिमन्यूनं स्टेकच लिहिलंय, मावशी अजून पसंदाच म्हणतात. दर घाण्याला काका रानात जेवतात आणि मावशी समोर बसतात. काकांना आता कुणी बघायला लागलं की घासच उतरत नाही, पण त्याला इलाज नाही.

उद्घाटनानंतरच्या आठवड्यात आत्या बाजारातून सुरण घेऊन आल्या. इंचभर जाड काप केले, खाज जायला चिंचेच्या पाण्यात उकडले. मग पडवीत गेल्या आणि मुरवणाची वाटी भरून, उंबरा ओलांडून, आत स्वयंपाकघरात आणली. शेंदाड न घातलेलं. मी चुलीपाशी होते, पटकन बाजूला सरकले. आत्यांनी काप चोळले, दुपारभर ठेवले आणि छबुमावशीला निरोप धाडला, जेवायला ये.

मी ह्या घरात आले त्याला चौदा वर्षं झाली. तेवढ्या काळात छबुमावशीनं आमच्याकडे चहा शेकडो वेळा घेतला असेल, पण जेवायला त्या कधी बसल्या नव्हत्या आणि आत्या त्यांच्याकडे कधी जेवल्या नव्हत्या. आत्यांच्या घराण्यात मटण शिजणाऱ्या घरचं खाणं आणि त्या घरच्यांबरोबर पंगतीला बसणं चालत नव्हतं, आणि दोघींनी ते तीस वर्षं एकदाही बोलून न दाखवता पाळलं होतं. आता मावशींच्या घरात शिजत नव्हतं.

मी दोन ताटं मांडत होते. आत्या म्हणाल्या, एकच मांड.

दोघी समोरासमोर बसल्या, मध्ये एक ताट. सुरणाचे काप तव्यावरून थेट त्यात. आत्यांनी आधी मावशींना घास घ्यायला लावला, मग स्वतः घेतला. आपल्या हातचं मुरवण त्या पहिल्यांदाच खात होत्या. दोघी बराच वेळ चावत राहिल्या. मी तव्यावरचा उलथा हातात धरून उभी होते.

"मीठ कमी हाय," मावशी म्हणाल्या.

आत्यांनी आणखी एकदा चावून बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"व्हय," त्या म्हणाल्या, "मला बी तसंच लागलं."